माळ्यावरचे मशीन खाली उतरवताना

जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या घरांत शिलाई मशीन सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: ओसरीचा कोपरा, माजघराची खिडकी आणि माळा. ओसरीवरच्या मशीनवर रद्दीचा गठ्ठा, औषधांच्या बाटल्या आणि मोबाइलचा चार्जर असतो. खिडकीखालचे अजून चालते; त्याच्यावर दिवाळीआधी चार ब्लाऊज आणि जूनमध्ये उसवलेली दप्तरे शिवून होतात. माळ्यावरचे मात्र घरातल्या नव्या सुनेने कधी पाहिलेलेही नसते. अलीकडे चौथी जागाही झाली आहे. शहरातल्या कॅफेंत आणि महामार्गालगतच्या हॉटेलांत मशीनच्या जाळीदार बिडाच्या पायांवर काच टाकून टेबल केलेले दिसते. हेड भंगारात गेले, पाय चहाच्या कपांखाली आले. गिऱ्हाइके त्या टेबलाचे कौतुकाने फोटो काढतात. पुढची पाने पहिल्या तीन जागांवरच्या मशीनांसाठी आहेत.

जुने मशीन वयामुळे बंद पडत नाही. त्यात प्लास्टिक नाही, सर्किट नाही. हेड बिडाचे, दांडे आणि शटल पोलादाचे, पट्टा कातड्याचा, टेबल लाकडाचे. वेळच्या वेळी तेल मिळाले असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनवर आजही शाळेचा सदरा शिवता येतो. ते बंद पडते त्याची कारणे निराळी असतात. चालवणारी सासू गेली आणि सुनेला शिवण येत नव्हते. घर बदलताना बॉबिन केस हरवली. कुणी तरी खोबरेल तेल घातले आणि थंडीत चाक अडकले. बाजारच्या दिवशी येणारा मशीनवाला यायचा थांबला. म्हणून मशीनची निगा आणि शिवणकाम हे दोन वेगळे विषय मानले की गडबड होते. ज्या घरात शिवणारे माणूस आहे तिथले मशीन टिकते. जिथे ते आजीची आठवण म्हणून नुसते ठेवले आहे तिथे ते गंजते, कारण समईसारखे वरून लखलखीत पुसून त्याचे भागत नाही.

माळ्यावरून मशीन खाली आले की पहिल्यांदा नंबर पाहावा. सिंगरच्या मशीनवर तो हेडच्या सपाट भागावर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. धुळीचा आणि जुन्या तेलाचा थर असेल तर मऊ फडक्याने पुसल्यावर दिसतो. विसाव्या शतकातल्या नंबरांच्या आधी एक-दोन इंग्रजी अक्षरे असतात आणि त्यांवरून मशीनचे वय बऱ्यापैकी कळते. ‘एफ’ असेल तर साधारण १९१० ते १९२० च्या दरम्यानचे, ‘वाय’ असेल तर त्यानंतरच्या, १९३५ पर्यंतच्या काळातले. ही दोन्ही अक्षरे स्कॉटलंडमधल्या, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकच्या कारखान्याची. १८८० च्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना भरात असताना, १९१३ या एकाच वर्षात, तिथून तेरा लाखांच्या आसपास मशीने बाहेर पडली. १९८० मध्ये तो बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव मात्र आजही ‘सिंगर’च आहे. काही हेडांवर सोनेरी रंगात पंखवाला स्फिंक्स असतो. इजिप्तचा हा प्राणी स्कॉटलंडच्या कारखान्यात रंगून शिवनेरीच्या पायथ्याशी येऊन पोचला, आणि घरातल्या पोरांनी त्याला बिनदिक्कत सिंह म्हणून टाकले, तर त्यांचे फारसे चुकत नाही. धड सिंहाचेच आहे.

एवढ्या लांबचे यंत्र इथवर आले ते विक्रीच्या एका युक्तीमुळे. आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये पेटंट मिळाले, पण शिलाई मशीनचा शोध त्यांचा एकट्याचा नव्हे. त्यांच्या आधी, १८४६ मध्ये, एलियस हाउ यांनी पेटंट घेतले होते. त्याही आधी फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिये यांनी मशीन केले, तेव्हा पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्यांचा कारखानाच फोडला. सिंगर कंपनीने यंत्राइतकीच मजबूत एक गोष्ट आणली, ती म्हणजे हप्ता. थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, बाकीचे दरमहा फेडा. भारतात या धंद्याचा जम बसवला तो मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी. नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची अनेक वर्षे भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन इथला सिंगरचा कारभार सांभाळला. गिऱ्हाईक कोण, हे त्यांना नेमके उमजले होते. साहेबाची मडम हे गिऱ्हाईक होतेच, पण खरा खप बाजारपेठेत ओट्यावर बसणाऱ्या शिंप्याकडे होता.

जुन्नर आणि आंबेगावकडे येणाऱ्या मशीनांची वाट बहुधा मुंबईवरूनच असणार. या दोन तालुक्यांचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. गिरणी कामगार, माथाडी, डबेवाले अशी या डोंगराळ भागातली किती तरी घरे अर्धी गावात आणि अर्धी चाळीत राहिली. चाळीच्या खोलीत मशीनला जागा काढणे सोपे नव्हते, पण पगाराला जोड म्हणून ते घरात असणे सोयीचे होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांनी गाव गाठले त्यांच्या सामानात पितळी भांड्यांच्या बरोबरीने मशीनही असेल, तर नवल नाही.

याच मातीतला एक मुंबईकर कामगार कापडाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकसमोर आडवे झाले आणि त्याखाली चिरडून मरण पावले. वय अवघे विशीतले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. परदेशी कापडाविरुद्ध माणसे जीव देत होती, त्याच वर्षांत परदेशी मशीन मात्र घराघरांत खादी शिवत होते, आणि त्याची कुणी होळी केली नाही. हा विसंवाद गांधीजींना कुणी विचारला नव्हता असे नाही. १९२४ मध्ये दिल्लीत रामचंद्रन या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सांगितले होते की आपला विरोध यंत्राच्या वेडाला आहे, सरसकट यंत्राला नाही, आणि सिंगरचे मशीन हा अपवाद आहे. बायकोचे शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, असेही ते म्हणाले. गोष्ट गोड आहे. पण सिंगर यांचे कौटुंबिक चरित्र पाहता ती त्यांना शोभत नाही. त्यांनी एकाच वेळी अनेक संसार मांडले होते आणि त्यांची मुले वीसच्या वर होती. शिवण करून घर चालवणारी बायको होती ती हाउ यांची. गांधीजींचा निकष मात्र बिनचूक होता. या यंत्राने माणसाचे हात रिकामे केले नाहीत. ज्याच्या घरात ते आले, त्याच्या हाताला काम दिले.

विशेषतः बायकांच्या हाताला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, तेव्हा शिवणवर्ग हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. विधवा झालेल्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या बाईला घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे आणि समाजाने नाक मुरडू नये असे काम त्या काळी फारसे नव्हतेच. शिवण हे त्यातले एक. पुढे शिवणवर्गांची ही पद्धत पुण्याबाहेर तालुक्यांच्या गावांत गेली आणि ‘शिवण क्लासला जाते’ हे वाक्य दहावी झालेल्या मुलींच्या बाबतीत दोन पिढ्या ऐकू येत राहिले. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी शिवणकाम करते’ ही जमेची बाजू असायची, आणि आंदण म्हणून मशीन द्यायचीही रीत होती. आज माळ्यावर सापडणाऱ्या मशीनांतली बरीचशी अशी माहेराहून आलेली असतात. त्यांवर सासरच्यांनी हक्क सांगितला तरी खणाची किल्ली बाईच्याच कमरेला असायची. दोऱ्याच्या रिळांखाली त्याच खणात तिचे साठवलेले पैसेही असायचे.

ही आंदणाची मशीने बहुतेक देशी आहेत. बिशनदास बसिल यांनी देशी मशीन घडवले आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाला श्रीराम यांच्या कोलकात्यातल्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने त्याचे उत्पादन हाती घेतले. तीच ‘उषा’. पुढे लुधियानात मशीनांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. ‘रिटा’सारखी नावे तिथूनच आली. या देशी काळ्या मशीनांची घडण मुख्यतः सिंगरच्या ‘पंधरा’ क्रमांकाच्या मॉडेलवरून उचललेली आहे, आणि ते मॉडेल १८७९ च्या सुमाराचे. जपानमध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या भरमसाट नकला निघाल्या. मूळ कंपनीला काय वाटले असेल ते असो, आजच्या मशीनमालकाचे त्यात भलेच झाले. क्लाइडबँकचा कारखाना बंद होऊन चाळीसहून जास्त वर्षे झाली, तरी तिथे घडलेल्या पंधरा नंबरच्या मशीनला लुधियानाची बॉबिन बसते, घरगुती मशीनची साधी सुई बसते, आणि हे सगळे मंचर-नारायणगावच्या बाजारात शिवणसाहित्याच्या दुकानात मिळू शकते. शंभर वर्षांच्या मोटारीचा किंवा घड्याळाचा भाग असा कोपऱ्यावर मिळाला तर सांगा!

याला अपवाद लांबोळ्या शटलच्या मशीनांचा. काही जुन्या सिंगरमध्ये गोल बॉबिनऐवजी बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते शटल असते आणि ते झोक्यासारखे मागेपुढे जाते. त्याच्या लांब, सडपातळ बॉबिन सहजी मिळत नाहीत. असे मशीन सापडले तर बाकीचे काही करण्याआधी खणातल्या सगळ्या बॉबिन आणि शटल डब्यात घालून जपून ठेवावे. ते हरवले की मशीन खरोखरच शोभेचे होते.

आता प्रत्यक्ष मशीनकडे. खाली उतरवलेले मशीन चाक फिरवूनही हलत नसेल तर सहसा मोडलेले काहीच नसते, तेल गोठलेले असते. हेड बिजागरीवर मागे उलटावे, खाली जुन्या चादरीची घडी ठेवावी. पोटात जिथे जिथे एक लोखंड दुसऱ्यावर घासते तिथे रॉकेलचे थेंब सोडावेत. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालते. मग घाई करायची नाही. रात्रभर तसेच ठेवून सकाळी चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवायचे. जोर लावून फिरवणारा हमखास काही तरी तोडतो. चाक सैल झाले की काळपट तेल बाहेर येऊ लागते. ते पुसायचे, परत रॉकेल, परत पुसायचे. पोट स्वच्छ झाले की मशीनचे पातळ, पांढरे तेल प्रत्येक छिद्रात एकेक थेंब. वर, बाजूच्या पत्र्याआड, सुईच्या दांड्यालाही. शेवटी टाकाऊ कापडाच्या तुकड्यावर दोरा न घालता भरपूर चालवायचे, म्हणजे जादा तेल त्यातच उतरते आणि पहिल्याच ब्लाऊजवर डाग पडत नाही.

तेलाच्या बाबतीत घरोघरी चूक होते ती एकच. खोबरेल हाताशी असते, म्हणून घातले जाते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते आणि जुन्नरची डिसेंबरातली पहाट त्याहून किती तरी गार असते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल थिजत नाही, पण हवेने हळूहळू घट्ट होऊन त्याचा डिंक होतो, आणि तो काढायला खोबरेलाहून जास्त त्रास पडतो. दुसरी चूक हौसेची. सोनेरी नक्षी चमकावी म्हणून लोक थिनर किंवा स्पिरिट लावतात. त्या नक्षीवर पारदर्शक लाखेचा थर असतो. स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षीही जाते. करोनाच्या दिवसांत सॅनिटायझरने पुसलेल्या मशीनांचेही तेच झाले, कारण त्यात अल्कोहोलच असते. कोरडे मऊ फडके आणि त्यावर मशीनच्या तेलाचा थेंब, याहून जास्त काही लागत नाही.

पट्टा ही आणखी एक स्थानिक गोष्ट. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पश्चिमेच्या पट्ट्यात पावसाळाभर कातडे ओलसर राहते आणि ताणून लांब होते. मग पाय चालतो, खालचे मोठे चाक फिरते आणि वरचे जागच्या जागी. अर्धा इंच कापून तारेची कडी पुन्हा बसवली की काम होते. मशीन बरेच दिवस वापरणार नसाल तर पट्टा चाकावरून उतरवून ठेवावा. वाळवीचे वेगळे सांगायला नको. टेबलाचे पाय दिसायला बिडाचे असले तरी वरची फळी लाकडाची आहे.

ही माहिती कागदावर वाचायला सोपी वाटते. प्रत्यक्षात ती ज्यांच्याकडे आहे ते लोक कागद वापरत नाहीत. मशीन दुरुस्त करणारा जुना कारागीर आधी चाक फिरवून आवाज ऐकतो. टकटक वेगळी, खरखर वेगळी. मग शिवलेला तुकडा मागतो आणि उलटा करून पाहतो. खालच्या बाजूने दोऱ्याची झालर लोंबत असेल तर बॉबिनला हात न लावता तो वरचा ताण तपासतो, कारण दोष वरच्या दोऱ्याचा असतो आणि दिसतो खाली. नवशिका नेमके उलटे करतो. खाली झालर दिसली म्हणून बॉबिन केसचा इवलासा स्क्रू पिळत बसतो आणि तोही बिघडवतो. खालचा ताण तपासायची कारागिराची रीत पाहण्यासारखी असते. भरलेली बॉबिन केस दोऱ्याला धरून हवेत सोडायची. सरसर खाली गेली तर सैल, मुळीच हलली नाही तर घट्ट, आणि हाताला बारीक झटका दिल्यावर बोटभर उतरून थांबली तर बरोबर. त्यासाठी दुसरे कुठले मोजमाप लागत नाही. हे लोक आता कमी आहेत आणि त्यांची मुले मोबाइल दुरुस्तीकडे वळली, तर त्यांना दोष देता येत नाही. मशीन साफ करून द्यायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक घासाघीस करते.

शिवणाऱ्यांची विद्याही अशीच तोंडी आणि हाती चालत आली. गावगाड्यात शिंप्याचे स्थान होते. काही याद्यांत तो अलुतेदारांत मोजलेला आढळतो. हा धंदा करणाऱ्या समाजाने संत नामदेवांचे नाव अभिमानाने लावले. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांपैकी एका पदात गज, कातर, सुई-दोरा ही शिंप्याची सगळी हत्यारे भक्तीच्या कामाला लागलेली आहेत. शिंप्याची खरी विद्या टीप मारण्यात नव्हती, बेतण्यात होती. टीप महिनाभरात जमते. बेतणे म्हणजे समोरच्या माणसाकडे पाहून, कमीत कमी मापांत, मोजक्या कापडात, वाया न घालवता सदरा काढणे. पैरण, बंडी, कोपरी, झबले-टोपडे, कुंची यांचे बेत आज लिहून ठेवलेले क्वचित सापडतात. कुंचीचा बेत सांगू शकणाऱ्या आज्या आहेत. पण ‘चार बोटे सोडायची, मग दुमडायचे’ असे त्या सांगतात, आणि ती चार बोटे त्यांच्या हाताची असतात. हे बेत कागदावर कापून घ्यायला हवेत, आणि तेही त्यांच्याच हातांनी.

बेतून उरलेल्या चिंध्यांची गोधडी व्हायची. गोधडीला मशीन लागत नाही आणि लावूही नये. हाताच्या धावदोऱ्याने तिला जी मऊ घडी पडते ती मशीनच्या टिपेने येत नाही. मात्र शिवण शिकवायला गोधडीसारखा वर्ग नाही. दोन-तीन जुन्या साड्या, जाड सुई, चार बायका आणि मांडीला मांडी लावून बसलेली एखादी मुलगी. तिच्याकडे कोपऱ्याचे टाके दिले जातात, कारण वाकडे गेले तरी झाकले जातात.

मशीनवरचा पहिला धडा मात्र बिनदोऱ्याचा. मुलीला किंवा मुलाला बसवायचे, सुईत दोरा घालायचा नाही आणि वहीचा रेघी कागद पायाखाली, म्हणजे मशीनच्या दाबाच्या पायाखाली, द्यायचा. रेघेवरून भोके सरळ पडली पाहिजेत. पॅडलवर एक पाऊल थोडे पुढे, एक थोडे मागे. टाच आणि चवडा आळीपाळीने दाबायचे. सुरुवातीला चाक उलटे फिरते. उलटे फिरले की दोरा गुंततो आणि तुटतो, म्हणून चाक आपल्याकडे येते आहे ना, याकडे आधी लक्ष. सरळ रेघ जमली की वळणाची, मग चौकोन, मग गोल. कागद फाटू न देता गोल काढला की दोरा ओवायला मिळतो, आणि तो सुईच्या ज्या बाजूला लांब खाच असते त्या बाजूने ओवायचा. साध्या सुती कापडाला १४ किंवा १६ नंबरची सुई पुरते. इतके शिकलेले मूल पिशवी शिवू शकते. पिशवी हीच पहिली वस्तू असावी. तिला माप घ्यावे लागत नाही आणि ती बाजारात नेता येते.

हे शाळेत का शिकवत नाहीत, असे वाटेल. काही ठिकाणी शिकवतात. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करत शिकायचे, हे त्याचे सूत्र. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत गेला आणि वेल्डिंग, शेती, वीज यांच्या जोडीला घर आणि आरोग्याचे कामही त्यात आले. या पद्धतीचा एक फायदा असा की मुलगेही शिवायला बसतात. नाही तरी बाजारातला शिंपी पुरुषच होता. शिवण ही ‘बायकी’ गोष्ट आहे ही समजूत शिवण क्लासांनंतरची आहे. नारायणगावच्या तमाशा फडांचा पसारा पाहिला तरी हे पटेल. पडदे, कनाती, झालरी आणि कलावंतांचे पोशाख यांची शिवण व डागडुजी गावोगाव हिंडताना चालूच ठेवावी लागते, आणि ते जाड कापड ओढायला पायमशीनच बरे पडते.

सरकारी योजनांचा हिशेब थोडा वेगळा लागतो. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग असो वा घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, शिलाई मशीन देणे ही अशा कार्यालयांची नेहमीची योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत त्यात मिळते. मशीन वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण मशीन वाटपाचा फोटो निघतो, आणि वर्षभराने शटल अडकले तर आहुपेच्या बाईने डोक्यावर हेड घेऊन घोडेगावची एसटी पकडावी काय, याचे उत्तर त्या फोटोत नसते. दर दहा मशीनांमागे एका माणसाला दुरुस्ती शिकवली तर खर्च फार वाढणार नाही.

काम आणि मोबदला यांचे गणितही पाहावे लागते. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने शाळांचे गणवेश एकसारखे करून ते महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरवले. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या गटांमार्फत, दुसऱ्याचे कापड शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि शिलाईपोटी ११० रुपये. एवढ्या पैशांत कुणी शिवून देत नाही, अशा तक्रारी शाळांकडून आल्या. गणवेश उशिरा पोचले, मापे चुकली, आणि पुढच्या वर्षासाठी तो निर्णय मागे घेण्यात आला. यातून बायकांना शिवता येत नाही असा निष्कर्ष काढणारे होतेच. प्रत्यक्षात मुलाचे माप न घेता शिवलेला सदरा कोणत्याही शिंप्याचा चुकेल. २०२० मध्ये मास्कची टंचाई झाली तेव्हा राज्यभरात याच बचत गटांनी घरच्या मशीनांवर मास्क शिवून दिले. मास्क एका मापाचा असतो, एवढाच फरक.

जुन्या मशीनला पैसे किती येतील, हा प्रश्न आला की सावध व्हावे. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ नावाचा अमूल्य पदार्थ असतो. लोक मशीनच्या सुईजवळ मोबाइल धरून पाहू लागले, किमती लाखांत गेल्या आणि काही ठिकाणी चोऱ्याही झाल्या. मशीनमध्ये असा काही पदार्थ नसतो. क्लाइडबँकने लाखोंनी मशीने काढली असल्याने ती दुर्मिळही नाहीत. दारावर येऊन ‘अँटिक आहे, घेतो’ म्हणणारा बहुधा पायांसाठी आलेला असतो. विकायचेच असेल तर हेडसकट, आणि शिवणाऱ्याला विकावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शिंप्यांच्या घरी मशीन, कातर आणि गज यांची पूजा होते. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी मशीनचे पोट उघडले जाते. हळद-कुंकू टेबलाला लावावे, तेलाच्या छिद्रांत जाऊ देऊ नये, इतकी काळजी घेतली की झाले.

पुढच्या पानांतली माहिती वाचकाने मशीन शेजारी ठेवून वाचावी. घरातल्या मशीनचा नंबर, ते कुणी कधी घेतले, त्यावर कोण काय शिवत असे, हे वहीच्या एका पानावर लिहून खणात ठेवावे. एक तेलाची बाटली, सुयांचे पाकीट आणि दोन जादा बॉबिन एवढे सामान लागेल. घरात किंवा शेजारी बेतता येणारे वडीलधारे माणूस असेल, तर दुरुस्तीच्या आधी त्यांच्याकडे जावे. मशीन आणखी दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल. कुंचीचा बेत तेव्हा सांगायला कुणी असेलच असे नाही.